विमलताईंचं रिंगण

विमलताई बागूल माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते भांडणाचं होतं.

गोदावरीच्या काठच्या एका मैदानावर दर हिवाळ्यात कलामेळा भरायचा. जादूगार, बासरीवाले, दोरीवरून चालणारे, गिटार घेऊन आलेली कॉलेजची मुलं, असे सगळे मोकळ्यावर आपापली जागा धरून उभे राहायचे आणि लोक एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात फिरायचे. मी पंचवटीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाच-सात मिनिटांत काढून द्यायचा, एवढी मला हौस. त्या वर्षी पहिल्यांदाच स्टूल आणि बोर्ड घेऊन गेलो होतो. एका लिंबाखाली सावली दिसली, तिथे बसलो. बघता बघता चांगली रांग लागली. मी खुशीत होतो.

"ओ चित्रवाले," डोक्यावरून आवाज आला. "तुमची रांग माझ्या रिंगणात घुसलीय. तिला वळवा, नायतर मी एकेकाचं तिकीट फाडते."

वर बघितलं तर पन्नाशी ओलांडलेली, चांगली उंचीपुरी बाई. साडीवर खाकी शर्ट, केसांचा घट्ट अंबाडा आणि डाव्या हातावर एक बाहुला. बाहुला म्हणजे म्हातारा गृहस्थ होता. पांढरी टोपी, काळा कोट, नाकावर चष्मा. मी काही बोलणार तेवढ्यात तो बाहुला कमरेत वाकला आणि स्वच्छ, मऊ आवाजात म्हणाला, "क्षमा असावी. आपली रेषा फार सुंदर आहे. आपण कृपा करून थोडं डावीकडे सरकलात, तर आम्हा दोघांवर उपकार होतील."

मी त्या बाहुल्याकडे बघत "हो, हो, लगेच" म्हणालो आणि स्टूल उचललं. बाई तशाच रागीट चेहऱ्याने उभ्या होत्या. ओठ जरासुद्धा हलले नव्हते.

"ह्यांना नाना म्हणतात," त्या म्हणाल्या. "गोड बोलायचं खातं ह्यांच्याकडं हाय. माझ्याकडं दुसरं."

ही वाटणी त्यांनी शेवटपर्यंत पाळली. खेळात नाना प्रेक्षकांची विचारपूस करायचे, लहान मुलांना अहोजाहो करायचे, आणि विमलताई त्यांच्यावर खेकसायच्या. लोक हसून लोळायचे. खेळ संपला की नाना पेटीत जायचे आणि विमलताई मात्र तशाच खेकसत राहायच्या.

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि आसपासच्या जत्रांमधून बोलक्या बाहुल्यांचा खेळ करायचे. नानांचा चेहरा त्यांनी गावच्या जुन्या पोस्टमास्तरांवरून घडवला होता म्हणे. ते पोस्टमास्तर कुणाशी कधी वरच्या आवाजात बोललेच नाहीत. वडील गेल्यावर भाऊ म्हणाले, बाईमाणसानं चौकात उभं राहून असलं काही करायचं नाही. विमलताई तेव्हा एसटीत कंडक्टर होत्या. "दिवसभर साठ माणसांत उभी असते, तेव्हा मी कोण असते?" असं विचारून त्यांनी माळ्यावरून नाना खाली काढले.

आवाज त्यांनी गाडीतच कमावला. गाडी चढाला लागली, उतारू पेंगायला लागले, की त्या मागच्या सीटपाशी उभ्या राहून ओठ मिटून सराव करायच्या. एकदा चांदवडच्या अलीकडे मागून नानांचा आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, तसदीबद्दल माफी असावी, जरा थांबता का?" ड्रायव्हरने गाडी थांबवली. कुणीच उतरेना. असं अदबीनं बोलणारा उतारू कोण, ते बघायला तो सीट सोडून मागे आला. विमलताईंनी खिडकीबाहेर बघत डबल बेल मारली. हे सांगताना मात्र त्या मनापासून हसायच्या. एरवी त्यांना हसताना फार कुणी पाहिलं नसेल.

नोकरी त्यांनी मुदतीआधीच सोडली. पण कंडक्टर त्यांच्यातून गेला नाही. मैदानावरचं सगळं त्यांना गाडीसारखं दिसायचं. एकाचा खेळ संपत आला की शेजारच्याने लगेच ढोल बडवायचा नाही. "आधी उतरणारे, मग चढणारे," त्या म्हणायच्या. म्हणजे एकाचे लोक मोकळे होऊ द्या, तो पैशांसाठी चादर घेऊन फिरू दे, मग दुसऱ्याने सुरू करायचं. सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना हात करून विचारायचं. आपला खेळ संपला की लोकांना शेजारच्याकडे पाठवायचं, नाव घेऊन. ज्याच्याकडे नुसता घसा आहे त्याला आडोशाची जागा, ज्याच्याकडे कर्णा आहे त्याने रस्त्याच्या अंगाला जायचं. दुसऱ्याचा हात चुकला तर आपण हसायचं नाही. हे सगळं कुठे लिहून लावलेलं नव्हतं. आयोजकांना त्याचा पत्ताही नव्हता. विमलताई मैदानभर फिरायच्या आणि जो मोडेल त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या, एवढंच.

निखिल नावाचा एक गिटारवाला मुलगा होता. गायचा छान, पण सोबत मोठा स्पीकर. तो सुरू झाला की विमलताईंचे नाना मुके व्हायचे. त्याला सांगून झालं. तो म्हणाला, "काकू, ओपन एअर आहे. व्हॉल्यूम लागतोच." विमलताई आपल्या रिंगणात परत गेल्या आणि खेळ सुरू केला. नाना मान हलवतायत, हात नाचवतायत, तोंड उघडतायत, आणि शब्द एकही नाही. विमलताई त्यांच्यावर चिडतायत, तेही मुक्यानेच. लोकांना आधी कळेना. मग एक आजोबा मागे वळून निखिलकडे बघायला लागले. मग दुसरे. हळूहळू सगळं रिंगण पाठ फिरवून त्याच्याकडे बघत उभं राहिलं. निखिलने गाणं अर्ध्यात सोडलं आणि वाकून बटण फिरवलं.

खरी गंमत पुढे आहे. आपला खेळ संपल्यावर विमलताईंनी सगळ्या लोकांना हाताने वळवलं. "आता त्या गिटारवाल्याकडं जायचं. त्याचं गाणं अर्धं राहिलंय, ते पुरं ऐकायचं. मधून उठायचं नाय." त्या स्वतः पुढे जाऊन मांडी घालून बसल्या. पुढच्या दिवसापासून निखिल त्यांना ताई म्हणायला लागला.

सगळ्यांशी त्या अशाच न्यायाने वागायच्या असं मात्र नाही. एका जादूगाराने गर्दीला हसवायला म्हणून शेजारच्या जादूगाराची युक्ती फोडली होती. त्याने नंतर माफी मागितली, पेढे आणले, ज्याची युक्ती फोडली त्यानेही माफ केलं. विमलताईंनी केलं नाही. तो समोर आला की त्या त्याच्या आरपार बघायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, आता पुरे. त्याने चूक कबूल केलीय." त्या म्हणाल्या, "त्यानं केलीय ना? मग त्याला झोप लागत असेल. मला कशाला बोलायला लावता?" त्यांचा राग मुरायचा, विरायचा नाही. तिखट खाऊन तिखट बोलणाऱ्या त्या, पिशवीत कायम पेरू आणि मीठ-मिरचीची पुडी असायची. आपल्याला कापून द्यायच्या, पण आपण तारीफ केली की म्हणायच्या, "खा गुमान."

ह्याच बाईंच्या हातून एकदा स्वतःचाच नियम मोडला. त्यांच्या शेजारी रेखा आणि किसन हे नवरा-बायको दोरीवरचा खेळ करायचे. बांबूच्या कैच्या उभ्या करून दोरी ताणायची, किसन खाली ढोलकी वाजवायचा आणि रेखा डोक्यावर कळशा घेऊन दोरीवरून जायची. त्या दिवशी एका आश्रमशाळेची मुलं आली होती. पेठ-सुरगाण्याकडची, लाजरीबुजरी. नानांनी त्यांना बोलतं केलं आणि मुलं अशी खिदळायला लागली की विमलताईंना वेळेचं भान राहिलं नाही. पलीकडे रेखा कळशा डोक्यावर घेऊन तयार उभी. किसनचा हात ढोलकीवर, पण वाजवत नव्हता. शेजारच्याचं संपल्याशिवाय वाजवायचं नाही, हे त्याला विमलताईंनीच शिकवलेलं. त्यांच्याभोवती जमलेले लोक कंटाळून पांगले.

लक्षात आलं तेव्हा विमलताईंचा चेहरा उतरला. नानांना पेटीत टाकून त्या तडक तिकडे गेल्या. किसनच्या हातातली चादर घेतली आणि मैदानभर फिरल्या, "चला, दोरीवरचा खेळ, चला, पुढं सरका, आत जागा हाय." लोक जमवले, रेखाचा खेळ होईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या, मग चादर घेऊन तेवढ्याच करारी चेहऱ्याने प्रत्येकासमोर थांबल्या.

"ताई, राहू द्या ना," किसन अवघडून म्हणाला. "होतं कवा कवा."

"राहू काय द्या? उद्याची माझी पाळी तुमची. मी खाली बसून बघणार."

आणि दुसऱ्या दिवशी बसल्या.

पुढे मेळ्याचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. त्या वर्षी फाटकावर निळ्या कपड्यातले रखवालदार आले, कलाकारांच्या गळ्यात ओळखपत्रं आली. रेखा आणि किसनला ती मिळाली नाहीत. बांबू खांद्यावर घेऊन ते आले तेव्हा रखवालदाराने त्यांना फाटकाबाहेरच थांबवलं. त्यांच्या जागेवर पत्र्याचा भलामोठा लाल बदाम उभा केला होता, त्यात उभं राहून फोटो काढण्यासाठी.

विमलताई व्यवस्थापकाकडे गेल्या. मी आणि निखिल मागे. तो तरुण, हसतमुख माणूस होता. म्हणाला, "ताई, यंदा मेळ्याचा सगळा लूक बदललाय. दोरीचा खेळ, कटोरा, हे जरा... म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं पाहुण्यांना."

"चादर तर मी पण फिरवते."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही कलाकार आहात."

"आणि रेखा काय, दोरीवर कपडे वाळत घालती?"

तो हसला. "त्या जागेचं ठरलंय आता, ताई."

"मैदान तुम्ही घेतलं असेल," विमलताई म्हणाल्या. "जागा आम्ही एकमेकांना देतो. ती आम्ही तुम्हाला दिलेली नाय."

त्याने विषय बदलला. संध्याकाळी उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. स्टेजवर पाहुण्यांचं स्वागत नानांनी करायचं, अशी त्याची कल्पना होती. "सगळ्यात पहिला मान तुमचा. कराल ना?"

"करू," विमलताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर निखिल भडकला. "ताई, तुम्ही हो म्हणालात? त्यांच्या स्टेजवर जाणार?"

"माइक त्यांच्याकडं हाय," एवढंच म्हणून त्यांनी पिशवीतून पेरू काढला.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. पाहुण्यांच्या अंगावर शाल पडली, टाळ्या झाल्या, निवेदिकेने नानांचं नाव घेतलं. विमलताई खाकी शर्ट घालून स्टेजवर गेल्या. नाना पाहुण्यांसमोर वाकले. समोर बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तोंड उघडलं नाही. लोक हसले, त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग. विमलताई थांबल्या. नानाही थांबले. हसू हळूहळू विरलं. व्यवस्थापक बाजूने दबक्या आवाजात म्हणाला, "बोलायला लावा ना त्यांना."

विमलताईंनी नानांना खाली ठेवलं आणि माइक हातात घेतला.

"पाहुण्यांना नमस्कार. नाना आज बोलणार नाय. ते फक्त गोड बोलतात, आणि आज गोड बोलावं असं इथं काही झालेलं नाय. म्हणून मी बोलते. रेखा आणि किसन ह्या मैदानावर माझ्या आधीपासून खेळ करतात. आज त्यांना फाटकाबाहेर बसवलंय. त्यांच्या जागेवर हा पत्र्याचा बदाम हाय. बदामाला काय खेळ येत असेल तर दाखवा, आम्ही खाली बसून बघतो."

माइक बंद झाला. पण भरलेल्या गाडीत, इंजिनाच्या वर, शेवटच्या सीटपर्यंत पोचलेला आवाज होता तो. त्यांनी माइक खाली ठेवला आणि तशाच बोलल्या, "ज्यांना दोरीवरचा खेळ बघायचाय त्यांनी फाटकाबाहेर चला. रेटारेटी नको. आधी लेकुरवाळ्या बाया, मग बाकीचे."

पाहुणे शालीचं टोक बघत बसले होते. विमलताई पायऱ्या उतरून चालायला लागल्या. निखिलने गिटार उचलली, स्पीकर तिथेच ठेवला. बासरीवाला निघाला. जादूगार निघाले, ज्याच्याशी त्या बोलत नव्हत्या तोसुद्धा. मी बोर्ड काखेत मारला. आणि मग लोक यायला लागले.

बाहेर भिंतीच्या कडेला रेखा आणि किसन बांबूंवर बसले होते. एवढी माणसं अंगावर येताना बघून किसन घाबरून उभा राहिला. त्याला सगळं सांगितलं तर तो हात जोडून म्हणाला, "ताई, पोलीस येतील. तुम्ही सगळे घरी जाल. आमचं पोट ह्याच रस्त्यावर हाय. उद्या आम्हाला कोण उभं करंल?"

इतका वेळ विमलताईंनी सगळं ठरवलं होतं, पण ज्यांच्यासाठी ठरवलं त्यांना विचारलंच नव्हतं. त्या रेखाकडे वळल्या.

"तू सांग, रेखा. तू नाय म्हणालीस तर मी ह्या सगळ्यांना परत आत नेते. आत्ताच्या आत्ता."

रेखाने गर्दीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग पदर खोचून नवऱ्याला म्हणाली, "बांबू धरा."

रस्त्याच्या कडेने दोरी ताणली गेली. विमलताईंनी हात आडवे करून लोकांना भिंतीकडे दाबलं. गाडी जाईल एवढा रस्ता मोकळा राहिलाच पाहिजे, ह्यावर त्या ठाम. एक हवालदार मोटरसायकलवरून आला. "काय चाललंय? परवानगी आहे का?"

"नाय," विमलताई म्हणाल्या. "पण वाहतूक अडलेली नाय. बघा."

तेवढ्यात खरंच एक बस आली. विमलताईंनी तिला हाताने पुढे घेतलं, गर्दीच्या कडेकडेने नेलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरने त्या खाकी शर्टाकडे बघून हात केला आणि गाडी निघून गेली. हवालदार काही बोलायच्या बेतात होता, पण रेखा दोरीच्या मध्यावर पोचली होती, डोक्यावर कळशा, आणि किसनची ढोलकी थांबली होती. हवालदाराने मान वर केली आणि ती पलीकडे पोचेपर्यंत खाली केली नाही. मग म्हणाला, "लवकर आटपा," आणि मोटरसायकल भिंतीला लावून तिथेच उभा राहिला.

रेखाची चादर फिरली. नंतर बासरी झाली, नंतर निखिल स्पीकरशिवाय गायला, एकामागून एक, पाळीपाळीने. मी फुटपाथवर बसून चेहरे काढले. आतल्या स्टेजवरून अधूनमधून घोषणा ऐकू येत होत्या.

पुढच्या वर्षी कंपनीने आम्हा बाकीच्यांना बोलावलं. विमलताईंना, रेखा-किसनला नाही. आमच्यातले काही आत गेले, त्यांचीही घरं होती. मी बाहेर भिंतीपाशी बसलो. त्यात शौर्य काही नव्हतं. विमलताईंच्या डोळ्यांसमोरून फाटकाच्या आत जायची माझी छाती नव्हती. नंतर कंपनीने मेळा एका बंद हॉलमध्ये नेला. भिंतीपाशी मात्र हिवाळ्यातल्या रविवारी लोक जमतच राहिले. एकदोनदा उठवलं, पुन्हा बसले. काही हौशी मंडळींनी समिती काढली आणि विमलताईंना अध्यक्ष व्हा म्हणून विनवायला आले. "खुर्ची कुठं ठेवणार?" त्यांनी विचारलं. "इथं जागा किती कमी हाय बघा." मंडळी परत गेली.

मग एका वर्षी त्या आल्या नाहीत. वडिलांचं घर रिकामं पडलं होतं, तिकडे राहायला गेल्या असं कळलं. फोन केला की उचलायच्या, "काय काम?" म्हणायच्या, आणि काम नाही म्हटलं की ठेवून द्यायच्या.

गेल्या वर्षी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला सटाण्याकडे गेलो होतो. वाटेत एका गावाची जत्रा लागली. पायी फिरत होतो, तर विमलताई दिसल्या. हातावर नाना नव्हते, खाकी शर्टही नव्हता. केस पुरते पांढरे झालेले, एका हातात जिलबीचा पुडा. जत्रेला आलेल्या गावातल्या कुठल्याही बाईसारख्या. त्या एका मोठ्या आकाशपाळण्याच्या मालकासमोर उभ्या होत्या. पाळण्यावरचा कर्णा गाणी ओकत होता आणि त्याच्या बरोबर समोर, जमिनीवर बसून, एक अंध म्हातारा एकतारी वाजवत काहीतरी गात होता. त्याचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

मालक हातवारे करून सांगत होता, त्याने जागेचं भाडं भरलंय, गाणी नसली तर पोरं येत नाहीत, आजी, तुम्ही जा. विमलताई जात नव्हत्या. वाद घालत नव्हत्या, काहीच करत नव्हत्या. पाळण्यात चढायच्या पायरीवर उभ्या होत्या आणि जिलबी खात होत्या. मागे चढणारी पोरं ताटकळली. शेवटी मालकाने शिवी हासडून नोकराला खूण केली. नोकर खांबावर चढला आणि त्याने कर्ण्याचं तोंड पलीकडच्या शेताकडे फिरवलं.

विमलताई पायरीवरून उतरल्या, म्हाताऱ्यासमोर जाऊन जमिनीवर बसल्या.

मी पुढे होऊन हाक मारली, "विमलताई."

त्यांनी मान वळवली. मला ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. पण म्हाताऱ्याचं गाणं चालू होतं. त्यांनी माझ्याकडे तळहात करून मला होतो तिथेच थांबवलं, आणि पुन्हा त्याच्याकडे तोंड केलं.

मी थांबलो. गाणं बरंच मोठं होतं.